पाय जमिनीवर, कान शाबूत

गेल्या वर्षीची गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच आमचे जुने स्नेही गुरुजी, त्यांच्या सौभाग्यवती आणि पुण्याला नोकरी करणारा मुलगा, असे तिघे आत आले. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले म्हणून मुलाने हौसेने आईवडिलांना आणि बायकोला मॉरिशस दाखवून आणले होते. गावात चर्चा झाली होती. पेढे मिळतील म्हणून मी हात पुढे केला, तर गुरुजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पेढे कसले डॉक्टर, आम्ही तिथून दुखणी घेऊन आलो. मुलाच्या कानात शिट्टी वाजतेय आणि मी तर तिथे बेशुद्ध होता होता वाचलो. नाचाच्या नादाला लागलो आणि हे झालं. पुन्हा जन्मात नाचणार नाही."

मी तिघांनाही बसवले, चहा सांगितला आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. ती ऐकल्यावर माझी खात्री पटली की गुरुजींनी गुन्हेगार म्हणून भलत्यालाच पकडले आहे. नाच बिचारा निर्दोष होता. खरे गुन्हेगार वेगळेच होते. आपल्याकडेही लग्नाच्या वराती, गणपतीच्या मिरवणुका आणि नवरात्रातला गरबा आहेच. म्हणून ही हकीकत गुरुजींच्या परवानगीने वाचकांपुढे ठेवत आहे.

सेगा म्हणजे काय?

मॉरिशस हे हिंदी महासागरातले छोटेसे बेट. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षाही लहान. १७१५ पासून १८१० पर्यंत तिथे फ्रेंचांचे राज्य होते, नंतर इंग्रजांचे. १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले. फ्रेंचांनी उसाच्या आणि इतर मळ्यांवर राबायला मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. दिवसभर राबून झाल्यावर रात्री शेकोटीभोवती जमून ही माणसे गात, नाचत. त्यातून जन्मला तो सेगा. मालकांना आणि धर्मगुरूंना तो आवडत नसे, पण तो टिकला. १९६४ साली ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची मोठी रात्र झाली आणि ती फ्रेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हाताऱ्या गायकाला सेगाचा राजा म्हणून मान मिळाला. १९०० साली जन्मलेला हा माणूस १९९२ पर्यंत जगला. २०१४ साली युनेस्कोने पारंपरिक सेगाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

सेगाची वाद्ये तीनच. बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, डफासारखा पण मोठा रावान. बिया भरलेली चपटी पेटी हलवून वाजवतात ती मारावान. आणि लोखंडी त्रिकोण. आपल्याकडे हलगी शेकतात तसाच रावानही वाजवण्यापूर्वी शेकोटीवर शेकतात, म्हणजे कातडे ताणले जाऊन आवाज खणखणीत निघतो. नाचाची तऱ्हा मोठी मजेदार आहे. गुडघे किंचित वाकलेले, कंबर आणि खांदे डोलतात, पण पावले जमिनीवरून उचलायची नाहीत, घासत सरकवायची. स्त्रीपुरुष समोरासमोर येतात, अगदी जवळ येतात, पण एकमेकांना शिवत नाहीत.

वैद्यकीय नजरेने पाहिले तर हा उत्तम व्यायाम आहे. उड्या नाहीत, त्यामुळे गुडघ्याला आणि टाचेला धक्के कमी. मांड्या, कंबर आणि पोटाचे स्नायू मात्र सतत कामात. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर तोलत न्यावे लागते, त्यामुळे तोल सुधारतो. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडते त्यामागे पुष्कळदा हा तोलच गेलेला असतो.

आता बेटावर पारंपरिक सेगाबरोबर दुसरेही नाच आले आहेत. उत्तरेला ग्रां बे आणि पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक ही समुद्रकाठची गावे नाइटक्लबांसाठी प्रसिद्ध आहेत. शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथे उशिरापर्यंत तरुणांची गर्दी असते. मोठ्या हॉटेलांतून पाहुण्यांसाठी सेगाचा कार्यक्रम ठेवतात आणि शेवटी पाहुण्यांनाही हाताला धरून नाचायला उठवतात. आमच्या मंडळींची एक भानगड झाली हॉटेलात आणि दुसरी क्लबात.

गुरुजींची भानगड

गुरुजींना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यायची, साखर उतरवणारी गोळी चालू आहे. शाळेत घड्याळाबरहुकूम वागलेला माणूस. त्यांनी मॉरिशसला जाऊनही मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवले होते. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. रोजच्याप्रमाणे आठ वाजता त्यांनी गोळी घेतली. म्हणजे तिथले साडेसहा. हॉटेलातले जेवण सेगाच्या कार्यक्रमानंतर, साडेआठला. तोवर दोन तास पोट रिकामे. त्यात मुलाच्या आग्रहाखातर उसाच्या रमचे दोन पेले झाले. आणि मग नर्तकीने हात पुढे केला.

"मी काही सहजासहजी उठत नाही," गुरुजी सांगत होते, "पण तो ताल असा होता की पाय आपोआप हलायला लागले. लहानपणी गावात गणपतीत जाखडी नाचायचो, पायाला चाळ बांधून. तेच आठवलं." तीस वर्षांत प्रथमच गुरुजी नाचले. वीस मिनिटे छान नाचले. मग अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. आसपासचे लोक हसले. त्यांना वाटले, पाहुण्यांना जरा जास्त झाली.

हसल्या नाहीत त्या फक्त वहिनी. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला, कपाळ गार आणि घामाने चिंब. "यांची साखर उतरलीय," एवढे म्हणून त्यांनी टेबलावरच्या चहाच्या साखरेच्या तीन पुड्या फोडल्या, अर्ध्या पेला पाण्यात ढवळल्या आणि गुरुजींना घोट घोट पाजल्या. दहा-पंधरा मिनिटांत गुरुजी भानावर आले. मग वहिनींनी त्यांना भात आणि डाळ खाऊ घातली आणि रात्रभर उशाशी जागत बसल्या.

वहिनी सातवी शिकलेल्या आहेत, पण त्या रात्री त्यांनी जे केले ते एखाद्या निष्णात डॉक्टरनेही तसेच केले असते. असे का झाले ते समजून घेऊ. गोळी रक्तातली साखर उतरवते. नाचताना स्नायू साखर ओढून घेतात. पोटात अन्न नसल्याने नवी साखर येत नाही. अशा वेळी यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडून रक्तातली पातळी सावरते आणि साठा संपत आला की नवी साखर तयार करते. पण यकृताच्या या कामात दारू अडथळा आणते. चारही बाजूंनी कोंडी झाली. शिवाय दारू पिऊन झिंगलेला माणूस आणि साखर उतरलेला माणूस सारखेच दिसतात. मधुमेही माणसाचा त्यात जीव जातो, कारण लोक त्याला 'झोपू दे, उतरेल' म्हणून कोपऱ्यात निजवतात.

म्हणून मधुमेह्याच्या घरच्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावे. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बरळणे यांपैकी काही दिसले तर आधी साखर द्यावी, प्रश्न नंतर विचारावेत. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावे. नंतर पोटभर खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नये. एका कुशीवर वळवून ताबडतोब इस्पितळात न्यावे. दारू घेतलेली असेल तर साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून एकटे सोडू नये.

मुलाच्या कानातली शिट्टी

मुलगा आणि सून ग्रां बेच्या एका क्लबात लागोपाठ दोन रात्री गेले. दर रात्री चार तास नाचले, तेही भल्यामोठ्या स्पीकरला खेटून, कारण 'तिथे मजा जास्त येते'. दुसऱ्या रात्री बाहेर पडल्यावर कानात कापूस कोंबल्यासारखे वाटले आणि बारीक शिट्टी सुरू झाली. पाच दिवस झाले तरी ती थांबत नव्हती. रात्री अंथरुणावर पडले की शिट्टी जास्तच जाणवे, झोप लागत नसे. "क्लबातून बाहेर आल्यावर थोडा वेळ असं होतंच, असं मित्र म्हणाले," मुलगा म्हणाला. पहिल्या दिवशी तपासून घ्यायला हवे होते, ते या समजुतीने राहून गेले.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसांसारखे टोक असलेल्या सुमारे पंधरा हजार सूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या वाकतात आणि मेंदूला संदेश पाठवतात. जत्रेत गवतावरून माणसे चालली की गवत आडवे होते. थोडीच माणसे गेली तर रात्रीतून ते पुन्हा उभे राहते. पण हजारो माणसे तुडवून गेली तर ते मरते आणि तिथे पायवाट उरते. कानाचेही तसेच. फरक एवढाच की गवत पुढच्या पावसात उगवते. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. या मोजपट्टीत एक खोच आहे. दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि कान सहन करू शकेल तो वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. तोच १०० डेसिबलवर गेला की आठवड्याचा कोटा अवघ्या २० मिनिटांत संपतो. क्लबात स्पीकरजवळ १०० डेसिबल ही काही नवलाची गोष्ट नाही. त्या हिशेबाने आमच्या तरुण मित्राने आठ तासांत चोवीस आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांचा कोटा उडवला होता! २०२२ साली याच संघटनेने क्लब आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी नियमावली दिली. आवाज सरासरी १०० डेसिबलच्या वर नेऊ नये, प्रेक्षकांना कानात घालायचे बोळे द्यावेत आणि कान विसावायला शांत जागा ठेवावी, असे तिच्यात म्हटले आहे.

मी त्याला जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही ठरलेली खूण आहे. औषधे झाली, सल्ला झाला. तीन महिन्यांनी शिट्टी पुष्कळ मंदावली. खड्डा मात्र भरला नाही. तीस वर्षांच्या मुलाचा कान आता काही बाबतींत पन्नाशीच्या माणसासारखा आहे. हे मी त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्याकडच्या मिरवणुकीतले डीजेही याच जातीचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. छातीत धडधडेल असा आवाज सोडणारी भिंत या मर्यादेच्या किती पलीकडे असते हे सांगायला यंत्र नको, खिडकीची काच सांगते.

मग नाचू नये का?

जरूर नाचावे! आणि सर्वांत आधी गुरुजींनी नाचावे, असे मी त्यांना तिथेच बजावले.

मॉरिशसचेच उदाहरण घ्या. या बेटावर मधुमेह इतका पसरला आहे की २०१५ च्या सरकारी पाहणीत २५ ते ७४ वयाच्या दर पाच माणसांत एकाला तो आढळला. तिथले बहुसंख्य लोक मूळ भारतातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज. म्हणजे रक्त आपलेच. १९८७ साली तिथल्या सरकारने कंबर कसली. रेशनवरच्या तेलात पामतेल जास्त असे. ते बदलून सोयाबीनचे तेल आणले. लोकांना व्यायाम, आहार आणि तंबाखूबद्दल शिकवले. १९९२ साली पुन्हा तपासणी झाली तेव्हा लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल २१३ वरून १८२ मिलिग्रॅमवर उतरलेले दिसले. रक्तदाब आणि धूम्रपानही कमी झाले. पण लठ्ठपणा वाढला आणि मधुमेह काही हटला नाही. बोध असा की तेल सरकार बदलू शकते. अंग हलवायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

अंग हलवण्याचा सर्वांत आनंदाचा मार्ग म्हणजे नाच. चालायला जा म्हटले की माणूस शंभर सबबी सांगतो, पण ताल कानावर पडला की पाय हलतात. काम करणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात आणि हा फायदा पुढे दिवसभर टिकतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. तो रोज अर्धा तास, पाच दिवस नाचून सहज भरतो. नाचताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत दम लागला की व्यायाम मध्यम समजावा.

मेंदूलाही लाभ आहे. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांपुढच्या ४६९ लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचणाऱ्यांतच स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. एवढ्यावरून नाच हे औषधच आहे असे म्हणता येणार नाही. पण पावले लक्षात ठेवणे, जोडीदाराकडे पाहणे, ताल धरणे ही सारी मेंदूची कसरत आहे यात शंका नाही.

नाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे:

१) मधुमेह्यांनी रिकाम्या पोटी नाचू नये. जेवणाची वेळ नक्की कळल्याशिवाय जेवणाआधीची गोळी घेऊ नये. परदेशी गेल्यास घड्याळ तिथल्या वेळेला लावावे आणि गोळ्यांचे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून बसवून घ्यावे. खिशात ग्लुकोजची पुडी असावी.

२) दारूने तहान भागत नाही. उलट लघवी जास्त होऊन अंगातले पाणी जाते. दमट हवेत तासाभरात लिटरभर घाम जाऊ शकतो. अधूनमधून पाणी, लिंबू सरबत, ताक घ्यावे. मात्र एकदम बादलीभर पाणीही पिऊ नये, त्याने रक्तातले मीठ पातळ होते.

३) स्पीकरपासून दूर नाचावे. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही. दर तासाला दहा मिनिटे बाहेर शांत जागी जावे. कानात शिट्टी किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर लगेच तज्ज्ञ गाठावा.

४) मधुमेह्यांनी अनवाणी नाचू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते. वाळूतला शिंपला किंवा अंगणातला खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. नाच झाल्यावर तळवे पाहावेत.

५) छातीत दुखणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ, न थांबणारी धाप यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून इस्पितळ गाठावे. हृदयविकार किंवा न आटोक्यातला रक्तदाब असेल तर आधी तपासून घ्यावे.

गणपतीतली गोष्ट

मॉरिशसमध्ये आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी लोकांचीही वस्ती आहे. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि तिथले मराठी लोक त्या दिवसांत झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली जाखडीच. मी हे गुरुजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सातासमुद्रापार गेलेल्यांनी ती राखली आणि मी इथे असून सोडली?" त्यावर मी काही बोललो नाही. कधीकधी औषध रुग्णाच्याच तोंडून यावे लागते.

यंदा गौरीच्या रात्री गुरुजींनी मला मुद्दाम गावी बोलावले. अंगणात मध्ये मृदंगवाला आणि गाणारे बसले होते, भोवती फेर धरला होता. भिंतभर स्पीकर नव्हते. चामड्याचा मृदंग आणि माणसांचे गळे, बस्स. त्या फेरात गुरुजी होते. पायात कॅनव्हासचे बूट आणि बुटावर चाळ बांधलेला. तरुण पोरे हसत होती, पण गुरुजींचा ताल एकदाही चुकला नाही. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी साडेनवावरून साडेसातवर आली आहे. अजून थोडी उतरायची आहे.

मुलगा ओटीवर बसून पाहत होता. मध्येच त्याने मला विचारले, "डॉक्टर, त्या बारीक झांजा वाजतायत ना? मला नीट ऐकू येत नाहीयेत." मी मान हलवली. झांजा वाजत होत्या. वहिनींनी ते ऐकले. त्या काही बोलल्या नाहीत. फेर थांबल्यावर त्यांनी गुरुजींपुढे आधी मोदकाचे ताट धरले आणि मग गोळीची आठवण केली.

"आधी गोळी, मग मोदक, आणि तोही एकच," मी ओरडलो. सगळे अंगण हसले.